ईएसपी३२ ला वायफायवरून बाइट पाठवतो आहे, पण ३०० चे १२३३९ होतात

गिरगावचा_दिवेवाला:

नमस्कार मंडळी.

आमच्या चाळीच्या गणपतीसाठी यंदा मांडवाच्या कमानीवर डब्ल्यूएस२८१२ जातीच्या एलईडी पट्ट्या लावायचे ठरले आहे. पाच मीटरच्या एका रिळात ३०० दिवे येतात. अशी दोन रिळे जोडून मी ६०० दिव्यांची एकच माळ केली आहे. लॅमिंग्टन रोडवरून ईएसपी३२ हा वायफाय असलेला छोटा नियंत्रक बोर्ड आणला आणि तो कमानीतच बसवला. लॅपटॉप पहिल्या मजल्यावर मंडळाच्या खोलीत असतो. मधल्या चौकात दिवसभर लोकांची ये-जा असल्यामुळे वायर ओढणे शक्य नाही, म्हणून दोन्ही यंत्रे खोलीतल्या राउटरला वायफायने जोडली आहेत.

लॅपटॉपवरचा पायथनचा प्रोग्रॅम यूडीपी या साध्या, पोच न मागणाऱ्या पद्धतीने पॅकेट, म्हणजे बाइटांचा गठ्ठा, पाठवतो. कोणत्या दिव्यापासून सुरुवात करायची तो क्रमांक त्यात आधी असतो आणि मग रंग. बोर्डावर आर्डुइनोच्या लायब्ररीने पॅकेट वाचून त्यातले पहिले दोन बाइट मी सोळा बिटांच्या चलात घेतो. दुसऱ्या रिळाची सुरुवात म्हणून ३०० पाठवले, तर सिरियल मॉनिटरवर (बोर्ड छापेल ते लॅपटॉपवर दाखवणारी खिडकी) १२३३९ दिसते. ३०१ पाठवले तरी १२३३९, ३०९ पर्यंत तेच. ३१० ला मात्र एकदम १२५९५ होते, आणि ४०० पाठवल्यावर १२३४०.

मी दोन-तीन उपाय करून पाहिले. पायथनच्या बाइट्स फंक्शनला ३०० दिले तर ३०० शून्ये तयार झाली. तोच आकडा चौकटी कंसात दिला तर किंमत ० ते २५५ च्या दरम्यानच हवी अशी एरर आली. रंगांसाठी आकड्याचे अक्षर करून ते एन्कोड केले, तेव्हा १२७ पर्यंत सगळे ठीक चालले, पण २०० पाठवल्यावर एका बाइटाऐवजी १९५ आणि १३६ असे दोन बाइट आले. वायफायवर बाइट खराब होत आहेत का? राउटर बदलावा लागेल का?


सोल्डर_आणि_चहा:

राउटर बदलू नका, त्याचा यात काहीही दोष नाही. वायफायच्या प्रत्येक फ्रेमच्या शेवटी ३२ बिटांची तपासणी असते आणि यूडीपीची स्वतःची तपासणी वेगळी असते, त्यामुळे वाटेत खराब झालेले पॅकेट तुमच्या प्रोग्रॅमपर्यंत सहसा पोचतच नाही. ते हरवते. चुकीचा आकडा दर वेळी सारखाच येत असेल, तर तो पाठवताना किंवा वाचतानाच चुकतो आहे असे खुशाल समजा.

तुमचा १२३३९ नीट उलगडून पाहा. तो २५६ गुणिले ४८ अधिक ५१ असा आहे. आस्कीमध्ये, म्हणजे अक्षरांना क्रमांक देणाऱ्या तक्त्यात, ५१ म्हणजे '३' हे अक्षर आणि ४८ म्हणजे '०' हे अक्षर. म्हणजे तुम्ही तीनशे ही संख्या पाठवलीच नाही. '३', '०', '०' ही तीन अक्षरे पाठवली आणि बोर्डाने त्यांतली पहिली दोन उचलून त्यांची संख्या केली. तिसरे अक्षर तो वाचतच नाही, म्हणून ३०० ते ३०९ पर्यंत उत्तर बदलत नाही. ३१० ला दुसरे अक्षर बदलते, म्हणून उत्तर बरोबर २५६ ने वाढते. आणि ४०० ला पहिले अक्षर एकाने पुढे सरकते, म्हणून १२३४०. यंत्र अगदी प्रामाणिकपणे वागते आहे.

२०० ची गोष्ट याच घरातली. पायथनमध्ये स्ट्रिंग एन्कोड केली की ती यूटीएफ-८ या अक्षरे बाइटांत मांडण्याच्या पद्धतीत जाते, आणि त्यात १२७ च्या वरच्या प्रत्येक अक्षराला एकाहून जास्त बाइट लागतात. अक्षरांचा मार्ग सोडून द्या. पायथनमध्ये स्ट्रक्ट नावाचे मोड्यूल आहे, त्यातले पॅक हे फंक्शन वापरा. कॅपिटल बी म्हणजे एक बाइटाची बिनचिन्ह संख्या, कॅपिटल एच म्हणजे दोन बाइटांची. सुरुवातीला '<' हे चिन्ह टाका, म्हणजे धाकटा (कमी किमतीचा) बाइट आधी जाईल आणि मध्ये भरणीचे रिकामे बाइट पडणार नाहीत. ३०० चे बाइट मग ४४ आणि १ असे निघतील, कारण २५६ अधिक ४४ म्हणजे ३००.

एक विचारायचे राहिले. पॅकेटमध्ये सुरुवातीचा क्रमांक आणि रंग एवढेच आहे का? किती दिव्यांचे रंग आहेत आणि हे कितवे पॅकेट आहे, हेही त्यात असू द्या. पुढे उपयोगी पडेल.


गिरगावचा_दिवेवाला:

मनापासून आभार. अक्षरांचा घोळ लक्षात आला आणि थोडी लाजही वाटली. तुमच्या सांगण्याप्रमाणे आता पॅकेटच्या सुरुवातीला सहा बाइटांचा मथळा (हेडर) केला आहे. पहिला बाइट खूण म्हणून नेहमी १६५. मग दोन बाइटांचा सुरुवातीचा क्रमांक, दोन बाइटांत दिव्यांची संख्या आणि शेवटी एक बाइटाचा अनुक्रमांक. त्यापुढे ३०० दिव्यांचे ९०० बाइट, म्हणजे एकूण ९०६. बोर्डावर याच चार चलांचे सी भाषेतले स्ट्रक्चर (एकत्र बांधलेल्या चलांचा गट) केले आहे आणि आलेल्या पॅकेटचा सुरुवातीचा भाग त्यात कॉपी करतो.

चाचणीसाठी सध्या फक्त दुसऱ्या रिळाचे पॅकेट पाठवतो आहे, म्हणजे सुरुवात ३०० आणि संख्याही ३००. आता १२३३९ येत नाही, पण सुरुवातीचा क्रमांक ११२६५ येतो. संख्येच्या रकान्याकडे अजून नीट पाहिलेले नाही.


उलटे_बाइट:

उत्तर तुमच्या आकड्यातच आहे. ११२६५ म्हणजे २५६ गुणिले ४४ अधिक १. तुमचे ४४ आणि १ हे बाइट बोर्ड उलट्या क्रमाने वाचतो आहे. नेटवर्कवर थोरला बाइट आधी पाठवण्याचा रिवाज आहे, त्यामुळे '<' च्या जागी '>' टाका आणि मोकळे व्हा.


गिरगावचा_दिवेवाला:

टाकले, आणि सुरुवातीचा क्रमांक बरोबर ३०० आला! पण आनंद पाच मिनिटेच टिकला. आता संख्येचा रकाना बिघडलेला दिसतो: पहिल्यांदा १८३६, पुढच्या पॅकेटला २०९२, त्याच्या पुढच्या पॅकेटला २३४८. रंगही चुकतात. सगळ्या दिव्यांना केशरी रंग म्हणून २५५, १२०, ० पाठवले, तर कमान निळसर हिरवी झाली. पहिल्या रिळाचे पॅकेट पाठवले, म्हणजे सुरुवात शून्य, तर दिवे २५७ व्या जागेपासून पेटू लागले. मध्येच बोर्ड बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि सिरियल मॉनिटरवर 'गुरू मेडिटेशन एरर' असे येते, ते वाचून चाळीतली मुले मला गुरुजी म्हणू लागली आहेत.

रंगांच्या बाबतीत एकाने सांगितले की या पट्टीत लाल, हिरवा, निळा असा क्रम नसून हिरवा आधी असतो. तेच कारण असेल का?


पाटीवरचे_बिट:

मी एका तंत्रनिकेतनात हाच विषय शिकवते, आणि ही चूक दर वर्षी निदान दोन गट तरी करतात, त्यामुळे थोडे सविस्तर लिहिते.

बाइटांचा क्रम उलटा होता हे निदान मला पटत नाही. तुमच्या लॅपटॉपचा प्रोसेसर आणि ईएसपी३२ हे दोन्ही धाकटा बाइट आधी ठेवणारे आहेत, त्यामुळे '<' हेच बरोबर होते. '>' टाकल्यावर ३०० आला तो योगायोगाने, आणि योगायोग घडला तो तुम्ही चाचणीत सुरुवात आणि संख्या या दोन्ही जागी एकच आकडा ठेवल्यामुळे. कागदावर मांडून बघा.

'>' वापरल्यावर तुमचे सहा बाइट असे जातात: १६५, १, ४४, १, ४४, ७. शेवटचा ७ हा अनुक्रमांक. आता सी भाषेतल्या तुमच्या स्ट्रक्चरकडे पाहा. त्यात पहिले चल एक बाइटाचे आहे आणि दुसरे दोन बाइटांचे. कंपायलर दोन बाइटांच्या चलाला सम पत्त्यावरच बसवतो, म्हणून पहिल्या चलानंतर तो एक बाइट रिकामा सोडतो, आणि पुढे शेवटी आणखी एक टाकून एकूण आकार आठ करतो. तुम्हाला सहा वाटते आहे, पण साइझऑफ, म्हणजे स्ट्रक्चरचा आकार, छापून पाहिलात तर आठ दिसेल. त्यामुळे बोर्ड सुरुवातीचा क्रमांक पॅकेटच्या दुसऱ्या बाइटापासून न वाचता तिसऱ्यापासून वाचतो. तिथे ४४ आणि १ आहेत, पण त्यांतला ४४ हा सुरुवातीच्या क्रमांकाचा शेवटचा बाइट आहे आणि १ हा संख्येचा पहिला. दोन शेजाऱ्यांचे अर्धे-अर्धे घेऊन तुमचे ३०० जुळले.

पुढच्या रकान्यात मग ४४ आणि ७ येतात, म्हणजे ४४ अधिक ७ गुणिले २५६, अर्थात १८३६. अनुक्रमांक प्रत्येक पॅकेटला एकाने वाढतो आणि तो थोरल्या बाइटाच्या जागी जाऊन बसला आहे, म्हणून तुमची संख्या प्रत्येक वेळी नेमकी २५६ ने वाढते. रकाना स्थिर राहायला हवा आणि तो २५६ च्या पायऱ्यांनी चढतो आहे असे दिसले, की शेजारचा मोजणीचा बाइट आत घुसला आहे असा संशय घ्यायला हरकत नसते. पहिल्या रिळाच्या पॅकेटमध्ये बाइट १६५, ०, ०, १, ४४ असे असतात. बोर्डाला तिथे ० आणि १ मिळतात, म्हणजे २५६. दिव्यांची मोजणी शून्यापासून असल्यामुळे तो २५७ वा दिवा. आणि १८३६ दिव्यांचे रंग ६०० च्या ॲरेत लिहायला गेल्यावर बोर्ड समाधीत जाणारच.

रंगाचे कारणही पट्टीतला क्रम हे नाही. डब्ल्यूएस२८१२ मध्ये हिरवा आधी असतो हे खरे, पण तसा गोंधळ झाला असता तर २५५, १२०, ० चे लाल १२०, हिरवा २५५, निळा ० असे झाले असते आणि कमान पोपटी दिसली असती. तुम्हाला निळसर हिरवी दिसली. मथळा सहा बाइटांचा असताना तुम्ही आठ बाइट सोडून रंग वाचायला सुरुवात करता, म्हणून पहिल्या दिव्याचे लाल आणि हिरवा हे दोन्ही गळून त्याला ०, २५५, १२० मिळतात. हा निळसर हिरवा. डोळ्यांनी पाहिलेल्या रंगावरून किती बाइट सरकले ते सांगता येते. दिव्यांच्या कामात मला हे फार आवडते.

उपाय दोन आहेत. स्ट्रक्चरला पॅक्ड हा गुणधर्म लावला की कंपायलर मोकळ्या जागा सोडत नाही. मी स्वतः मात्र विद्यार्थ्यांना स्ट्रक्चरमध्ये कॉपी करूच देत नाही. आलेल्या बाइटांच्या ॲरेतून धाकटा बाइट घ्यावा, थोरला बाइट आठ बिट डावीकडे सरकवून त्यात मिळवावा आणि संख्या हाताने बनवावी. चार ओळी जास्त लिहाव्या लागतात, पण कोणत्याही बोर्डावर आणि कोणत्याही कंपायलरवर उत्तर तेच येते. '>' काढून पुन्हा '<' टाका. चिन्ह अजिबात वगळू नका, कारण ते नसताना पायथनही स्वतःच्या यंत्राच्या हिशेबाने मध्ये भरणी करतो, आणि तीही अर्धवट: मध्ये एक बाइट टाकतो पण शेवटी टाकत नाही, त्यामुळे तुमचा मथळा सात बाइटांचा होईल आणि तो सहाशीही जुळणार नाही, आठशीही नाही.

वाचण्याआधी तीन गोष्टी तपासा: पहिला बाइट १६५ आहे का, पॅकेटची लांबी सहा अधिक संख्येच्या तिप्पट इतकी भरते का, आणि सुरुवात अधिक संख्या ६०० पेक्षा जास्त तर होत नाही ना. एकही गोष्ट जुळली नाही तर पॅकेट टाकून द्या. आणि यापुढे चाचणी करताना प्रत्येक रकान्यात वेगळा आकडा ठेवा. नुसते रकाने छापून पाहण्यासाठी २५८ आणि ७७२ असे ठेवलेत, तर बाइट २, १, ४, ३ असे जातात आणि कोण कुठे गेला ते लगेच ओळखू येते.


उलटे_बाइट:

ताईंचे म्हणणे बरोबर आहे. मी एकच आकडा पाहून निदान केले आणि संख्येचा रकाना विचारलाच नाही. '>' चा सल्ला मागे घेतो.


गिरगावचा_दिवेवाला:

ताई, साइझऑफ खरोखर आठ निघाला. बाइट हाताने जोडले आणि कमान केशरी झाली. खाली चौकातून टाळ्या वाजल्या.

आता दोन्ही रिळांची पॅकेट सेकंदाला ३० चित्रांच्या वेगाने पाठवतो आहे. ६०० दिव्यांचे १८०० बाइट एकाच पॅकेटमध्ये पाठवावेत का? आणि दुसरे असे की चित्र अडखळत चालते. लॅपटॉपवर नक्षी पुढे गेलेली असते, कमानीवर ती मागे राहते आणि मधली चित्रे गळतात. पॅकेट सगळ्यांना ऐकू जाणाऱ्या पत्त्यावर, म्हणजे २५५.२५५.२५५.२५५ वर पाठवतो, कारण बोर्डाचा पत्ता बदलत राहतो.


सोल्डर_आणि_चहा:

एकच पॅकेट करू नका. साध्या नेटवर्कवर एका पॅकेटला १५०० बाइटांची मर्यादा असते; त्यातून आयपीच्या मथळ्याचे २० आणि यूडीपीचे ८ वजा केले की तुमच्यासाठी १४७२ उरतात. त्याहून मोठे पॅकेट वाटेत तुकडे होऊन जाते आणि एक तुकडा हरवला तर सगळेच हरवते. डब्ल्यूएलईडी या तयार फर्मवेअरच्या (बोर्डावर चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या) एका पद्धतीत एका पॅकेटमध्ये जास्तीत जास्त ४९० दिवे बसतात ते याचमुळे: दोन बाइटांचा मथळा आणि ४९० चे तिप्पट १४७०. तुमचे ९०६ बाइटांचे दोन भाग योग्य आहेत.

अडखळण्याचे मुख्य कारण मला दिवे पेटवण्याच्या वेळेत दिसते. या पट्टीला एक बिट पाठवायला सव्वा मायक्रोसेकंद लागतो, एका दिव्याला २४ बिट म्हणजे ३० मायक्रोसेकंद, आणि ६०० दिव्यांना १८ मिलिसेकंद. तुम्ही प्रत्येक पॅकेट आल्यावर पूर्ण माळ पेटवत असणार. सेकंदाला ६० पॅकेट गुणिले १८ म्हणजे १०८० मिलिसेकंद, आणि सेकंदात असतात हजार. काम वेळेपेक्षा मोठे झाले की बोर्डावर पॅकेटांची रांग लागते, आणि ती रांग लहान असल्यामुळे उरलेली पॅकेट फेकली जातात. पहिल्या भागाच्या वेळी फक्त ॲरे भरा आणि दुसरा भाग आला की एकदाच पेटवा. त्यासाठी खुणेच्या बाइटाचे दोन प्रकार करा: १६५ म्हणजे भरून ठेव, १६६ म्हणजे भर आणि पेटव. दुसरे रीळ वेगळ्या पिनवर घेतलेत तर आणखी सवड मिळेल, पण ३० चित्रांना त्याची गरज पडू नये.

सगळ्यांना ऐकू जाणारा पत्ता मात्र आजच सोडा. एका यंत्राला उद्देशून गेलेले पॅकेट मिळाल्याची पोच वायफायच्याच पातळीवर परत येते आणि ती आली नाही तर पुन्हा पाठवले जाते. सर्वांसाठीच्या पॅकेटला पोच नसते, राउटर ते संथ दराने पाठवतो, आणि नेटवर्कवरचे एखादे यंत्र झोपेत असेल तर ते अडवूनही ठेवतो. राउटरमध्ये बोर्डाचा पत्ता कायमचा राखून ठेवा. ईएसपी३२ स्वतःही मुळात वीज वाचवण्यासाठी डुलक्या घेतो आणि राउटर ठरावीक वेळाने पाठवतो त्या बीकन नावाच्या संदेशाला, म्हणजे साधारण १०२ मिलिसेकंदांनी, जागा होतो. वायफायची ती झोप सेटअपमध्येच बंद करा. शक्य असेल तर लॅपटॉप केबलने राउटरला जोडा, कारण दोन्ही यंत्रे वायफायवर असली की प्रत्येक पॅकेट हवेतून दोनदा जाते. ईएसपी३२ फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतो आणि चाळीत त्या पट्ट्यात आधीच किती गर्दी असेल हे तुम्ही जाणताच.


गिरगावचा_दिवेवाला:

चारही गोष्टी केल्या. पेटवण्याची दुरुस्ती करताच मागे राहणे थांबले, आणि झोप बंद केल्यावर अडखळणेही गेले.

शेवटची एक अडचण. जुने पॅकेट उशिरा आले तर टाकून द्यायचे म्हणून अनुक्रमांक आधीच्यापेक्षा मोठा असेल तरच मी घेतो. पण २५५ नंतर ० आला की सगळे थांबते.


पाटीवरचे_बिट:

थेट तुलना करू नका. नव्यातून जुना वजा करा आणि उत्तर आठ बिटांच्या चिन्हासहित चलात घ्या. ते शून्याहून मोठे असेल तर पॅकेट नवे. जुना २५४ आणि नवा २ असेल तर आठ बिटांत उत्तर ४ येते, म्हणजे वळसा पार पडतो.

यात एक खोच आहे. लॅपटॉपवरचा प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू केला की अनुक्रमांक शून्यापासून सुरू होईल, आणि बोर्डाला शेवटी १०० आठवत असेल तर तो पुढची शंभर पॅकेट जुनी समजून टाकून देईल. तुमच्या वेगाने कमान दीड-पावणेदोन सेकंद गोठलेली दिसेल. म्हणून शेवटचे पॅकेट येऊन अर्धा सेकंद उलटला असेल तर अनुक्रमांक न तपासता पुढचे पॅकेट घ्या. मात्र हा अर्धा सेकंद शेवटच्या आलेल्या पॅकेटपासून मोजू नका, शेवटच्या स्वीकारलेल्या पॅकेटपासून मोजा. नाहीतर नाकारलेली पॅकेटच घड्याळ मागे लोटत राहतील.


गिरगावचा_दिवेवाला:

मी नेमके आलेल्या पॅकेटपासून मोजायला घेतले होते. बदलले. प्रोग्रॅम सहा वेळा बंद-चालू करून पाहिला, कमान अर्ध्या सेकंदात पुन्हा धरते. उद्या दुसऱ्या कमानीच्या पट्ट्या आणायला पुन्हा लॅमिंग्टन रोडला जातो आहे.